गाडीतील दुसरी दांडी

मराठीत ‘मोटार’ हा एकच शब्द आपण दोन वस्तूंना लावीत आलो आहोत. रस्त्यावरून धावते ती मोटार, आणि विहिरीवर बसून पाणी उपसते तीही मोटारच. ह्या दोघींची कधी गाठ पडत नसे, त्यामुळे कोणाचा घोटाळाही होत नसे. अलीकडे मात्र दुसरी मोटार पहिलीच्या पोटात जाऊन बसू लागली आहे, तेव्हा शब्दांची वाटणी आधीच करून घेतलेली बरी. ह्या भाषणापुरते मी धावणाऱ्या वस्तूला गाडी म्हणेन, आणि विजेवर फिरणाऱ्या यंत्राला मोटार म्हणेन.

जबलपूरहून नरसिंहपूरकडे जाताना शहपुरा लागते. आगगाडीने जाणाऱ्यांना ते भिटोनी ह्या स्थानकामुळे ठाऊक असते. नर्मदेच्या खोऱ्यातील हा मुलूख काळ्या, चिकट मातीचा आहे. शेताला चहूंकडून बांध घालून पावसाळ्याचे पाणी शेतातच कोंडून ठेवावयाचे, पावसाळा सरला की ते सोडून द्यावयाचे आणि त्या ओलीवर रब्बीची पेरणी करावयाची, अशी येथील जुनी रीत आहे. तिला ह्या भागात ‘हवेली’ म्हणतात. गव्हाच्या जोडीला आता वाटाण्याचे पीक फार वाढले आहे. हिवाळ्यात जबलपूरचा हिरवा वाटाणा दूरदूरच्या बाजारांत जातो. वाटाणा हे थांबणारे पीक नव्हे. तोडलेल्या शेंगा त्याच दिवशी बाजारात पोचल्या तर भाव, नाहीतर भुईसपाट. आणि शेतापासून पक्क्या सडकेपर्यंतची वाट म्हणाल, तर ओल्या काळ्या मातीत दोनच चाकांना जोर मिळणारी गाडी रुतून बसते. म्हणून चारही चाकांना जोर पोचविणाऱ्या जुन्या गाड्यांना ह्या बाजूस अद्याप मान आहे.

अशा गाड्यांशी जबलपूरचा संबंध जुना आहे. तेथील तोफगाडी कारखाना १९०४ सालचा, आणि लष्करी वाहनांचा कारखाना १९६९ सालचा. ह्याच कारखान्यातून निस्सान कंपनीच्या नमुन्यावरची ‘जोंगा’ गाडी बाहेर पडू लागली. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली ह्या शब्दांतून तिचे नाव तयार झाले आहे. तिची निर्मिती १९९९ साली थांबली. लष्करातून निवृत्त झालेल्या गाड्या लिलावात निघतात आणि आसपासच्या शेतकऱ्यांच्या, गॅरेजवाल्यांच्या हाती येतात. ह्या कारखान्यांत नोकरीच्या निमित्ताने आलेली कितीतरी मराठी घरेही जबलपुरात स्थिरावली आहेत. लेथवर बारीक काम करणारा माणूस शोधावयास ह्या गावात लांब जावे लागत नाही, ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

शहपुऱ्याच्या एका मिस्त्रीने मला एके दिवशी प्रश्न विचारला. त्याच्याकडे एका शेतकऱ्याची जुनी जिप्सी आली होती. एंजिन कायमचे बसलेले, पण बाकी सांगाडा धड. मालकाने कोठून तरी मोडीत निघालेल्या एका विजेच्या मालवाहू गाडीची मोटार, तिचा नियंत्रक आणि विद्युत्घट मिळविले होते. मिस्त्री म्हणाला, “साहेब, एंजिनाच्या जागी मोटार बसविणे जमेल. पण गिअरबॉक्स ठेवावयाचा की काढावयाचा?” मी शिक्षणाने एंजिनियर नव्हे, एम. ए. होऊन सरकारी नोकरीत आलेला माणूस. परंतु नोकरीत जीपमधून हिंडून हिंडून त्या गाड्यांचा नाद लागलेला. मी तत्काळ सांगितले, “ठेवा. असलेली वस्तू टाकू नये.” घरी आल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा हे उत्तर घाईचे झाले असे माझ्या ध्यानात आले.

ह्या गाडीत दोन दांड्या असतात. पहिली दांडी नेहमीच्या गिअरबॉक्सची. ती सर्वांना परिचित आहे. दुसरी आखूड दांडी ज्या पेटीला जोडलेली असते, तिला कारागीर ट्रान्सफर केस म्हणतात. गिअरबॉक्समधून आलेला जोर पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आंसांना वाटून देणे हे ह्या पेटीचे मुख्य काम. पण तिच्यात आणखी एक सोय असते. दांडी एका बाजूस ओढली की फेरे जास्त राहतात व जोर बेताचा; दुसऱ्या बाजूस ओढली की फेरे कमी होतात आणि जोर वाढतो. पहिल्या स्थितीला ‘हाय’ व दुसरीला ‘लो’ म्हणतात. मध्ये एक रिकामी जागा असते. तेथे दांडी असली म्हणजे मागून येणारा जोर कोठेच पोचत नाही. म्हणजे ही पेटी स्वतःच एक लहानसा दोन गतींचा गिअरबॉक्स आहे. मग मोटार थेट हिलाच जोडली आणि मोठा गिअरबॉक्स, क्लच वगैरे सारे काढून टाकले तर?

ह्याचा निकाल लावावयाचा तर एंजिन आणि मोटार ह्यांच्या स्वभावातील भेद पाहिला पाहिजे. पेट्रोलचे एंजिन थांबलेल्या अवस्थेत काहीच जोर देऊ शकत नाही. ते आधी फिरते ठेवावे लागते, म्हणून क्लच हवा. त्याचा भरीव जोर काही ठराविक फेऱ्यांच्या टप्प्यातच मिळतो. गाडीची गती मात्र शून्यापासून शंभरापर्यंत बदलत असते. ह्या दोहोंचा मेळ घालण्यासाठी चार-पाच गिअर लागतात. एंजिन उलटे फिरत नाही, म्हणून मागे जाण्यासाठी आणखी एक गिअर. मोटारीचे तसे नाही. तिचा फिरविण्याचा जोर, ज्याला कारागीर टॉर्क म्हणतात, तो उभ्या अवस्थेतच पुरता मिळतो. एका ठराविक वेगापर्यंत तो तसाच राहतो, आणि त्यानंतर वेग वाढेल तसा उतरत जातो. ती उलटी फिरविण्यास विजेच्या जोडणीतील बदल पुरतो. तेव्हा क्लचचे काम उरत नाही, उलट्या गिअरचेही उरत नाही. हे तत्त्व काही आजचे नव्हे. १८९९ साली कामिय जेनात्झी ह्या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ विजेच्या गाडीतून तासाला १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली, तेव्हा त्याच्या गाडीत गिअरबॉक्स नव्हताच. मोटारी मागच्या आंसाशी थेट जोडलेल्या होत्या.

परंतु गिअरबॉक्स नको म्हणजे दंतचक्रे मुळीच नकोत असे नव्हे. मोटार जलद फिरण्यात सुखी असते आणि चाक त्या मानाने सावकाश फिरते. म्हणून मधे कोठेतरी फेरे कमी करून जोर वाढवावाच लागतो. आजच्या विजेच्या गाड्यांत हे काम एकाच ठराविक प्रमाणाने केलेले असते. २०१० साली निघालेल्या निस्सान लीफमध्ये मोटारीचे सुमारे ८ फेरे झाले म्हणजे चाकाचा १ फेरा होई. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसमध्ये पावणेदहाच्या आसपास. म्हणजे ८ ते १० हे प्रमाण मोटारीला मानवते असे धरून चालावयास हरकत नाही.

आता आपली गाडी पाहू. जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आपल्याकडे आली. सुझुकीच्या ज्या १ लिटर एंजिनाच्या नमुन्यावरून ती उतरली, त्याच्या ट्रान्सफर केसची दोन प्रमाणे १.५८ आणि २.५१ अशी आहेत, आणि आंसातील प्रमाण ४.११. पुढील १.३ लिटरच्या नमुन्यात हे आकडे निराळे आहेत, म्हणून पुस्तकावर न विसंबता हाताने मोजावे हे उत्तम. मिस्त्रीने ते फार सोप्या रीतीने केले. पेटीच्या आत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या दांड्यांच्या तबकड्यांवर खडूची खूण केली, दांडी ‘लो’वर टाकली आणि आतला दांडा हाताने ५ वेळा फिरविला, बाहेरचा जवळजवळ बरोबर २ वेळा फिरला. ‘हाय’मध्ये ११ फेऱ्यांना ७ फेरे मिळाले. पुस्तक आणि खडू ह्यांचे एकमत झाले.

गुणाकार केला तर ‘हाय’मध्ये एकूण प्रमाण साडेसहा येते आणि ‘लो’मध्ये १० च्या किंचित वर. मघाशी सांगितलेले ८ ते १० ध्यानात आणा. मोटारीला जे हवे, त्याच्या दोन्ही अंगांना ह्या जुन्या पेटीची दोन प्रमाणे आपोआप येऊन बसली आहेत. जपानी कारागिरांनी ही पेटी आखली, तेव्हा विजेचा विचार त्यांच्या स्वप्नातही नसेल. जीपच्या ट्रान्सफर केसमध्ये हा योग जुळत नाही. विलीस जातीच्या ज्या जीपगाड्या महिंद्र कंपनीने मुंबईस बनविल्या, त्यांची ‘हाय’ म्हणजे फेऱ्याला फेरा, ‘लो’ म्हणजे २.४६, आणि आंसातील प्रमाण ५.३८. गुणाकार सव्वापाच ते साडेपाचाच्या दरम्यान एक, आणि सव्वातेरा दुसरा. मधली दरी मोठी राहते.

जीपची दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून बसविलेली असते. तिचे पहिले चक्र गिअरबॉक्सच्याच दांड्यावर बसते आणि त्या दांड्याला आधार गिअरबॉक्सच्या बेअरिंगचा असतो. गिअरबॉक्स काढला की ही पेटी पोरकी होते. तिला नवा दांडा, नवे बेअरिंग आणि ते सर्व धरणारे कवच लेथवर घडवून द्यावे लागते. जिप्सीत असे नाही. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, सांगाड्यावर रबरांच्या आधाराने स्वतंत्र टांगलेली असते, आणि दोहोंमध्ये एक आखूड फिरता दांडा असतो. गिअरबॉक्स उचलून नेला तरी तिला त्याची खबरही लागत नाही. मोटार योग्य उंचीवर पक्की करून तिच्या तोंडाशी त्या आखूड दांड्याची तबकडी बसविली की मुख्य काम झाले. जबलपूरच्या लेथवाल्याने ती जोडतबकडी दोन दिवसांत करून दिली. एवढेच पाहावयाचे, की मोटारीचा दांडा आणि पेटीचा दांडा परस्परांना समांतर असले पाहिजेत. तसे नसेल तर आखूड दांड्याच्या सांध्यांत प्रत्येक फेऱ्याला हिसका बसतो. मिस्त्रीने पहिल्या वेळी डोळ्याच्या अंदाजाने बसविले, आणि गाडी थरथरली. मग पाणसळ घेऊन मोटारीखाली पत्र्याच्या चकत्या घातल्या, तेव्हा शांत झाली.

आता खरा प्रश्न जोराचा. समजा मोटार ३० किलोवॉटची आहे आणि तिचा टॉर्क १२० न्यूटन-मीटर आहे. भरलेल्या गाडीचे वजन १४०० किलोग्रॅम धरू. आकडे कानाने ऐकावयास रुक्ष वाटतात, म्हणून हिशेबाचे फळ तेवढे सांगतो. ‘हाय’मध्ये ही गाडी आपल्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याएवढ्या जोराने ओढू शकते, ‘लो’मध्ये चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिक जोराने. आपल्याकडच्या सडकेवरील घाट सहसा एवढ्या चढाचे नसतात. तेथे ‘हाय’ पुरेल. बांध ओलांडताना, नाल्यातून वर येताना ‘लो’ लागेल. पण जुन्या एंजिनाशी तुलना केली तर एक कडू गोष्ट पुढे येते. ते एंजिन लहान होते, टॉर्क जेमतेम ७४ न्यूटन-मीटर. तरी पहिल्या गिअरचे तीनपटीहून थोडे अधिक प्रमाण आणि त्यावर ‘लो’, असे दोन गुणाकार त्याच्या बाजूस होते. त्यामुळे ती गाडी आपल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक जोराने ओढीत असे. आपण गिअरबॉक्स काढतो तेव्हा तो जोर निम्म्यावर येतो. ज्याला खडकांवरून गाडी चढवावयाची आहे त्याने गिअरबॉक्स ठेवावा, किंवा ह्याच्या दुप्पट जोराची मोटार घ्यावी. शहपुऱ्याच्या सपाट काळ्या जमिनीत तेवढ्याची गरज नाही. तेथे अडचण जोराच्या कमतरतेची नसते, चाक जागच्या जागी फिरते ही असते.

कोणी विचारील, की मोटारीचा जोर उभ्या अवस्थेतही मिळतो, तर दोन प्रमाणे तरी कशाला? ‘हाय’वरच सदैव चालवावी. ह्याचे उत्तर उष्णतेत आहे. मोटारीचा टॉर्क वाढवावयाचा तर तिच्या तारांतून अधिक प्रवाह न्यावा लागतो, आणि प्रवाह दुप्पट झाला की तारांतील उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. चिखलात गाडी माणसाच्या चालीने रेटावयाची असेल तेव्हा मोटार सावकाश फिरते, प्रवाह मात्र भरपूर घेते. पंख्याने वारा घेणारी मोटार असेल तर वाराही अशा वेळी मंदावतो. विहिरीवरची मोटार अडकली म्हणजे जळते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. हे त्याचेच धाकटे भावंड. त्याच चिखलातून तोच जोर ‘लो’मध्ये काढला, तर मोटारीला सुमारे पाच-अष्टमांश टॉर्क पुरतो, आणि तारांतील उष्णता दोन-पंचमांशावर येते. मला वाटते, ट्रान्सफर केस ठेवण्याच्या बाजूने हे एकच कारण पुरे आहे. पोर्श कंपनीने २०१९ साली आणलेल्या टायकान ह्या विजेच्या गाडीत मागच्या आंसाला दोन गती दिल्या. तेथील हेतू वेगाचा होता, आपला चिखलाचा आहे, एवढाच फरक.

परंतु ह्या पेटीला दोन गतींचा गिअरबॉक्स म्हणताना मी एक लबाडी केली आहे, ती आता कबूल करतो. जिप्सीच्या दुसऱ्या दांडीवर ‘लो’ एकट्या मागच्या चाकांना मिळत नाही. ‘लो’ लावली की पुढचा आंसही जोडला जातो. गाडी वळते तेव्हा पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबची वाट चालतात. ह्या पेटीत दोन आंसांमधील हा फरक सावरणारे डिफरन्शियल नाही. दोन्ही दांडे एकत्र जखडलेले असतात. चिखलात एखादे चाक घसरून हिशेब पुरा करते. कोरड्या डांबरी सडकेवर चाक घसरावयास तयार नसते. मग दांडे, सांधे, चक्रे ह्यांत पीळ साठत जातो, सुकाणू जड होते, आणि शेवटी काहीतरी तुटते. म्हणून शहरात थांबत-थांबत जाताना ‘लो’चा उपयोग पहिल्या गिअरसारखा करीन असे कोणी म्हणेल, तर ते चालणार नाही. ह्याला एक पळवाट आहे. काही गाड्यांच्या पुढील चाकांच्या मध्यावर हाताने फिरवावयाची कळ असते. ती मोकळी केली की चाके आंसापासून सुटतात. मग ‘लो’ लावूनही जोर फक्त मागे जातो. ह्या मार्गाने डांबरी सडकेवरही ‘लो’ वापरता येते. पण प्रत्येक वेळी खाली उतरून दोन्ही चाकांपाशी वाकावयाचे, आणि शेतात शिरताना पुन्हा वाकावयाचे. मालकाने हे चार दिवस केले आणि सोडून दिले. आता तो सडकेची वाट ‘हाय’, शेताची वाट ‘लो’, असा साधा नियम पाळतो, आणि त्याचे बरोबर आहे.

चालत्या गाडीत ‘हाय’ची ‘लो’ करता येत नाही हेही सांगितले पाहिजे. गिअरबॉक्समध्ये चक्रांचे वेग जुळवून घेणाऱ्या कड्या असतात, तशी सोय येथे नाही. गाडी थांबवून, मोटारीचा प्रवाह बंद ठेवून दांडी बदलावी. दात समोरासमोर आले तर किंचित ढकलून पुन्हा प्रयत्न करावा. जोर लावू नये.

पेटीच्या अंगी हा बदल सोसण्याचे बळ आहे का, ही शंका मिस्त्रीनेच काढली. टॉर्कच्या बाजूने काळजी नाही. पहिल्या गिअरमधून वाढून येणारा सव्वादोनशेच्या घरातील टॉर्क ही पेटी वर्षानुवर्षे घेत आली. मोटारीचे १२० तिला हलकेच आहेत. काळजी फेऱ्यांची. ताशी ६० किलोमीटरांना ‘हाय’मध्ये मोटारीचे मिनिटाला सुमारे ३१०० फेरे होतात, ८० ला ४१००. एवढे ह्या पेटीने एंजिनाबरोबरही पाहिले आहेत. पण आजकालच्या काही मोटारी मिनिटाला १० हजारांच्या पुढे जातात. असली मोटार स्वस्तात मिळाली म्हणून आणून जोडली तर बेअरिंगे आणि तेल दोन्ही तापतील. आणखी एक बारीक बाब आहे. विजेच्या गाडीत पाय उचलला की मोटार जनित्रासारखी वागून गती अडविते आणि वीज घटांत परत पाठविते. ह्या वेळी दातांवर उलट्या बाजूने दाब येतो. जुन्या पेटीत दातांमध्ये थोडी ढिलाई असतेच. जोर आणि अडवणूक ह्यांची पालट होताना ‘खट्’ असा आवाज येतो. नियंत्रकात ही अडवणूक सौम्य ठेवली म्हणजे आवाज जवळजवळ जातो. एंजिनाचा गोंगाट नसल्यामुळे पेटीची गुणगुण मात्र आता स्पष्ट ऐकू येते, आणि ती बिघाडाची खूण नव्हे हे मालकास समजावून सांगावे लागले.

ह्यापुढची हकीगत माझ्या चुकीची आहे. गाडी तयार झाली तेव्हा तिची पहिली परीक्षा शेतातल्या वाटेवरच घ्यावयाची असे ठरले. हातब्रेकची तार त्या दिवशी जोडावयाची राहिली होती. नाल्याच्या चढावर गाडी थांबविली, आणि मिस्त्रीने विचारले, “उतरू का?” मी म्हणालो, “दांडी लोमध्ये राहू द्या आणि उतरा. गाडी उभी राहील.” आयुष्यभर जीप अशीच उभी केलेली! गिअरमध्ये ठेवलेली जुनी गाडी उभी राहते ती एंजिनामुळे. कोंडलेली हवा दट्ट्यांना फिरू देत नाही. मोटारीत अडविणारे काहीच नाही. प्रवाह बंद झाला की ती दोन बोटांनी फिरते. मिस्त्री उतरला, चार पावले चालला, आणि गाडी निःशब्दपणे मागे सरकू लागली. एंजिनाची गाडी निदान कुरकुरते. हिने काही चाहूलच दिली नाही. मागे मालकाचा नातू सायकल टेकवून तमाशा पाहत उभा होता. आजोबांच्या ओरडण्याने तो बाजूस उडाला. सायकल चाकाखाली गेली, आणि गाडी बांधाला अडून थांबली. सायकल मी नवी घेऊन दिली. त्या दिवसापासून हातब्रेक जोडल्याखेरीज चाकाखालचा दगड काढावयाचा नाही असा नियम झाला. जुन्या जीपमध्ये हातब्रेक ट्रान्सफर केसच्या मागल्या दांड्यावरच असतो, त्यामुळे गिअरबॉक्स काढला तरी तो राहतो. जिप्सीसारख्या गाडीत तो मागच्या चाकांत असतो आणि त्याच्या तारेकडे लक्ष द्यावे लागते. पायाच्या ब्रेकलाही एंजिनाकडून निर्वात जागेची मदत मिळत असते. एंजिन गेले की ती गेली, आणि ब्रेक एकदम जड होतो. त्यासाठी विजेवर चालणारा लहान निर्वात पंप बसवावाच लागतो. ही काटकसरीची जागा नव्हे. विद्युत्घटांच्या जोडणीविषयी मी मुद्दामच काही सांगत नाही. काही शे व्होल्टांची वीज हा घरी करून पाहण्याचा खेळ नाही.

आता कागदाची बाजू, आणि ही माझ्या पेशाची असल्यामुळे थोडी स्पष्ट बोलतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीच्या कागदात लिहिलेल्या गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जुन्या गाडीला विजेचा संच बसविण्यास कायद्याने मज्जाव केलेला नाही. परंतु तो संच मान्यताप्राप्त परीक्षणसंस्थेने तपासलेला असावा लागतो, आणि अधिकृत बसविणाऱ्यानेच तो बसवावा लागतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, जी १९६६ साली स्थापन झाली, ती अशा संस्थांपैकी एक आहे. मंजुरी मिळते ती संचाला, एखाद्या मिस्त्रीच्या हातच्या गाडीला नव्हे. म्हणजे शहपुऱ्याच्या मिस्त्रीने कितीही सुबक काम केले तरी ही गाडी सडकेवर आणणे नियमबाह्यच ठरते. हे मी मालकास आरंभीच सांगितले होते आणि त्याने ऐकले, ह्याबद्दल त्याचे कौतुक वाटते. पण ह्या व्यवस्थेतील उणीव मला दिसत नाही असे नाही. संच तयार करणारा कारखानदार ज्या गाड्या हजारोंनी खपल्या त्यांच्यासाठी तो करील. चार चाकांच्या जुन्या गाडीसाठी परीक्षणाचा खर्च कोण सोसणार? सामान्य गिऱ्हाइकासाठी जिप्सीची विक्री २०१९ साली थांबली आहे.

ह्याला एक आशादायक अपवाद लष्कराचा आहे. २०२३ च्या एप्रिलात सेनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या परिषदेच्या वेळी दिल्लीत विजेवर चालणारी एक जिप्सी दाखविण्यात आली. दिल्लीची आय. आय. टी. आणि टॅडपोल प्रोजेक्ट्स ही नवी संस्था ह्यांच्या साहाय्याने ती तयार झाली होती. संच ३० किलोवॉटचा, आणि एका भरणीत १२० किलोमीटरांची मजल, असे त्या वेळी सांगण्यात आले. ज्यांच्याजवळ ह्या गाड्या सर्वांत जास्त आहेत त्यांनी हा विचार मनावर घेतला, तर संचाच्या परीक्षणाचा खर्च वाटला जाऊ शकेल. उलट दिशेची घटनाही त्याच वर्षीची आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊन त्या मोडीत निघू लागल्या. सैन्याच्या व बंदोबस्ताच्या खास वाहनांना ह्यातून सूट आहे. माझ्या डोळ्यांदेखत ज्या गाड्या भंगाराच्या रांगेत उभ्या राहिल्या, त्यांतील कित्येकींची एंजिने खिळखिळी होती; पेटीचे दात मात्र शाबूत होते. पंधरा वर्षांत ज्यांची दुसरी दांडी कोणी पंधरा वेळाही ओढली नसेल, अशा त्या गाड्या होत्या.

शहपुऱ्याची गाडी सध्या शेताच्या वाटेवरच चालते. वाटाण्याची पोती ती बांधावरून पक्क्या सडकेच्या कडेपर्यंत आणते, आणि तेथून ती भाड्याच्या ट्रकमध्ये चढतात. दर महिन्याला मिस्त्री पेटीचे तेल पाहतो; पहिल्या दोनदा त्यात पितळेची बारीक चमक आली, तिसऱ्यांदा तेल स्वच्छ निघाले. गतिदर्शकाची तार मूळचीच ट्रान्सफर केसमधून निघत असल्यामुळे त्याचा काटा पूर्वीसारखाच बरोबर चालतो. शेजारचा पेट्रोलचा काटा मात्र शून्यावर टेकलेला आहे, आणि नवा माणूस गाडीत बसला की तो हटकून मालकाला त्याविषयी बजावतो.